कोपऱ्यावरचा आवाज

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट बघत बसलेल्या शिक्षिकाबाईंनी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं. कान मात्र शेजारच्या नवरा-बायकोकडे होते.

“अगं, गाडी जुनी झाली. टर्बो बदला, सस्पेन्शन बदला, एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा सरळ नवीन घेऊ.”

“मुळीच नको. हिच्यासारखी पळणारी दुसरी मिळायची नाही.”

“हे तू म्हणतेस? कालपर्यंत सवत म्हणायचीस तिला!”

“म्हटलं असेल. पण अहो, नव्या गाड्या अगदीच मुक्या. ही कोपऱ्यावर वळली की आम्हाला तिसऱ्या मजल्यावर कळतं.”

“कळून करता काय?”

“पोरं मोबाइल टाकून पुस्तकं उघडतात. आई गोडाचा डबा कपाटात सारतात.”

“आईला साखरेचं पथ्य आहे!”

“म्हणून तर सारतात.”

“आणि तू?”

“मी ताईचा फोन ठेवते.”

“म्हणजे घरात शिरल्यावर मला जी शिस्त दिसते... अगं, ऑफिसात छाती फुगवून सांगतो मी!”

“सांगा की. म्हणून तर म्हणते, हिलाच नीट करा.”

तेवढ्यात मेकॅनिक हात पुसत आला.

“काय साहेब, ठरलं का?”

“ठरलं. हीच ठेवायची. टर्बो टाका, सस्पेन्शन टाका, आणि सायलेन्सर असा बसवा, की मांजराच्या पावलांनी घरी पोचली पाहिजे.”

नवरा आणि मेकॅनिक गाडीकडे गेले. बायकोने लगेच फोन लावला.

“आई, घात झाला. गाडीचा आवाज जाणार. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सांगून ठेवा, गाडी दिसली की मिस्ड कॉल द्यायचा म्हणून.”