न चाखता निवडलेली लाल वाइन

आदरणीय अध्यक्ष जानरावजी सरकटे, प्रमुख पाहुणे स्टेशन मास्तरसाहेब, व्यासपीठावर बसलेले विहार समितीचे सभासद, आज ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ते सत्कारमूर्ती जगदेवराव पडघान, समोर बसलेल्या उपासक-उपासिका, रेल्वेतले कर्मचारी बंधू, आणि जागा नसल्यामुळे पायऱ्यांवर उभे असलेले सर्वजण, आपणा सर्वांना सविनय जयभीम.

जगदेवराव वाशीम स्टेशनवर पार्सल क्लार्क होते. त्यांच्या नोकरीविषयी माझ्या आधीचे वक्ते बोलले. माल हरवला नाही, कुणाला ताटकळत ठेवलं नाही, कुणाची अडवणूक केली नाही. सगळं खरं आहे आणि सगळं सांगून झालं आहे. मी त्यांचा शेजारी. कॉलेजात मराठी शिकवतो. माझ्या वाट्याला एकच विषय उरला, जो इतर वक्त्यांनी टाळला.

अध्यक्ष मला येताना हळूच म्हणाले, “सर, तो विषय काढू नका.” मग चहा घेताना तेच म्हणाले, “काढलाच तर नीट काढा.” दोन्ही सूचनांचा मान एकाच भाषणात कसा राखावा, हे मला समजलेलं नाही. अध्यक्ष महोदय, क्षमा असावी. मी काढतो.

समितीची इच्छा आहे की निवृत्तीनंतर जगदेवरावांनी रविवारच्या वंदनेची जबाबदारी घ्यावी. त्यांनी पुढे म्हणावं, आपण मागे म्हणावं. जगदेवराव नाही म्हणतात. काहून, ते सांगत नाहीत. पण आपणा सर्वांना ठाऊक आहे. वंदनेत पंचशील म्हणताना ते चार शीलं खणखणीत म्हणतात आणि पाचव्याला तोंड मिटतात. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे. मागच्या रांगेतल्या पोरालाही ही गोष्ट माहीत झाली आहे. त्यातून जो अर्थ निघायचा तो निघाला. पडघान पितात. आज सभेला येतानाही मी हे वाक्य पानाच्या टपरीवर ऐकलं.

जगदेवरावांनी कधी थेंबही घेतलेला नाही. मेडशीला त्यांच्या वडिलांनी दारूत घर बुडवलं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर त्यांच्या आईनं घरातलं दारूचं मडकं चौकात आणून फोडलं. जगदेवरावांनी ते पाहिलं आहे. मग असा माणूस पाचव्या शीलाला गप्प का होतो?

याचं कारण लाल वाइन. हसू नका. किंवा हसा. त्या काळात मलाही हसावं की काय करावं हे कळत नव्हतं.

चतुराबाईंना, म्हणजे जगदेवरावांच्या पत्नींना, मुदतीचा ताप आला होता. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. भाकरीचा तुकडा तोंडात फिरवायच्या आणि ताटाच्या कडेला काढून ठेवायच्या. अंगावर लुगडं राहीना. अकोल्याच्या एक वृद्ध डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जेवणाआधी घोटभर लाल वाइन द्या. भूक लागेल. रोज द्यायची आहे, तेव्हा घरी खोकंच आणून ठेवा. सुट्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतं.”

जगदेवराव थेट माझ्याकडे आले. “सर, वाइन म्हनजे दारूच ना?”

मी म्हणालो, “दारूच. पण औषधही.”

“दोन्ही कसं असंन? एक सांगा.”

मी त्यांना दारूच्या परवान्याची कचेरी कुठं आहे ते सांगितलं.

परवाना चतुराबाईंच्या नावानं काढावा लागला. कचेरीतल्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, “बाई, तुम्ही पिता?” चतुराबाई म्हणाल्या, “अजून नाई. तुमी कागद द्या, मंग पाहू.”

आता प्रश्न असा, की कोणती आणायची? अकोल्याच्या दुकानात तीन प्रकारची खोकी होती. एकावर द्राक्षांचं चित्र, एकावर घोड्याचं, एकावर काहीच नाही. दुकानदार म्हणाला, तिन्ही सारख्याच. जगदेवराव म्हणाले, वानगी दाखवा. आपल्याकडे जवारी घ्यायची तर आधी वानगी घेतात. मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकायचे, दाताखाली धरायचे. वानगी न पाहता माल घेणाऱ्याला बाजारात मूर्ख म्हणतात. दुकानदाराला हे नवीन होतं. तो म्हणाला, “भाऊ, दारूची वानगी आजवर कोनी मांगितली नाई.” तरी त्यानं खोकल्याच्या औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्यांत थोडी थोडी भरून दिली.

त्या तीन बाटल्या जगदेवरावांच्या ओट्यावर ठेवून आम्ही बसलो. जगदेवराव, मी, आणि आमचे अध्यक्ष. होय, जानरावजीही होते. ते नाही म्हणणार नाहीत. आणि मग आमच्या लक्षात आलं, की वानगी तर आणली, पण दाताखाली कोण धरणार? तिघेही दीक्षा घेतलेले. जी पिण्यालायक आहे का हे ठरवायचं, ती तिघांनाही चाखता येत नाही.

चतुराबाईंनाच का दिली नाही? आज हा प्रश्न मी विचारतो. त्या दिवशी कुणी विचारला नाही. आजारी माणसाच्या पोटावर वानगी कशी तपासायची, असं आम्ही म्हणालो.

जानरावजींनी वास घेतला आणि म्हणाले, तिन्हींना वास आहे. मी पांढऱ्या फडक्यावर थेंब टाकले. तीन डाग पडले. कोणता डाग पिण्यालायक, हे मला ठरवता येईना. कवितेतलं बरंवाईट मी वर्गात रोज सांगतो. तिथं निदान आधी वाचलेली एखादी चांगली कविता हाताशी असते. इथं चांगलं म्हणजे काय हे सांगणारा एकही घोट आम्हा तिघांच्या आयुष्यात झालेला नव्हता.

शेवटी भाऊसिंग पॉइंट्समनला बोलावलं. भाऊसिंग, मागे लपू नका, सर्वांनी पाहिलं आहे. भाऊसिंगचा या विषयातला अनुभव मोठा, पण तो मोहाच्या दारूचा. त्यांनी पहिली बाटली तोंडाला लावली. “हे तं पोराईच्या खोकल्याची दवाई हाये.” दुसरी लावली. “कच्चं टेंभरू खाल्ल्यावानी जीभ वढून राह्यली.” तिसरी, म्हणजे चित्र नसलेल्या खोक्यातली, पूर्ण संपवली आणि रिकामी बाटली उलटी करून पाहू लागले.

जगदेवरावांनी विचारलं, “काय झालं?”

“काईच नाई झालं, सायेब. हेच तं सांगून राह्यलो. इच्यात दमच नाई. लाल पानी व्हय हे.”

जगदेवराव म्हणाले, “मंग हेच आनतो.”

भाऊसिंग चकित. “अजी, काहून? मी खराब म्हनून राह्यलो!”

“तुले ज्याच्यात काई लागलं नाई, तेच माह्या घरात चालंन.”

योगायोगानं सगळ्यात स्वस्तही तेच होतं. त्यामुळे निवड झाली ती चवीमुळे, किमतीमुळे की शीलामुळे, हे मला आजही सांगता येत नाही. जगदेवरावांनाही सांगता येत नाही. मी विचारलं आहे.

खोकं अकोल्याच्या गाडीनं आलं. पार्सल क्लार्क ते स्वतःच. ऑफिसच्या मागच्या दारानं घरी नेता आलं असतं. जगदेवरावांनी ते खांद्यावर घेतलं आणि भर प्लॅटफॉर्मवरून, टांगेवाल्यांसमोरून, स्टेशन रोडनं घरी नेलं. मी म्हणालो, निदान पोतं तरी टाकायचं होतं. ते म्हणाले, “झाकून नेला तं माल चोरीचा होते.” ज्यांनी विचारलं त्यांना त्यांनी सांगितलंही, की वाइन आहे. का आहे, हे कुणी विचारलं नाही, म्हणून ते त्यांनी सांगितलं नाही.

मग चतुराबाईंना ती देण्याची वेळ आली. संध्याकाळी मी गेलो तर चुलीवर भांडं. त्यात सुंठ, गूळ, ओवा आणि लाल वाइन, रटरटा उकळत. घरभर वाफ. मी म्हणालो, “वहिनी, ही उकळायची नसते!”

“भाऊ, कच्ची दवाई कोन पेते?”

आपल्या घरांत औषध म्हणजे काढा, आणि काढा म्हणजे चूल. त्यांचं म्हणणं मला खोडता येईना. त्यांनी तो काढा कपात ओतला, फुंकून फुंकून प्यायल्या, तोंड वाकडं केलं. “बेकार हाये. पन कडू लिंबाच्या काढ्यापरीस बरी.” या संपूर्ण प्रकरणात वाइनच्या चवीवर मिळालेला हा एकमेव भरवशाचा अभिप्राय.

काही आठवड्यांनी त्या अर्धी भाकर खाऊ लागल्या. मग पूर्ण. मग भाजीत मीठ कमी पडल्याची तक्रार करू लागल्या. तेव्हा जगदेवराव मला म्हणाले, बाई वाचली.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “उकळली? अहो, मग तिच्यात राहिलं काय?” चतुराबाई म्हणाल्या, “मंग मले भूक कायनं लागून राह्यली?”  मी आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, काही उडून जातं, काही राहतं. किती राहतं? ते म्हणाले, भांडं केवढं आणि आच कशी, त्यावर आहे.

म्हणजे चतुराबाईंचं शील राहिलं की तुटलं, हे भांड्यावर ठरणार? मी घरी येऊन मुलांचे पेपर तपासायला घेतले.

खोकं घरी आलं त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी जगदेवराव पाचव्या शीलाला प्रथम गप्प राहिले. चतुराबाई मात्र बायकांच्या बाजूला बसून पाचही शीलं मोठ्यानं म्हणत होत्या. आजही म्हणतात. म्हणजे जिनं घेतली ती म्हणते आणि ज्यानं शिवली नाही तो म्हणत नाही. मी जगदेवरावांना कारण विचारलं. ते म्हणाले, “सर, तिनं दवाई पेली. पन वानगी म्या मांगितली, खोकं म्या निवडलं. चांगली कोन्ती, खराब कोन्ती, म्या इचार केला. पिनाऱ्याचं शील तुटते का निवडनाऱ्याचं?”

  अध्यक्षही निवडणाऱ्यांत होते, आणि मीही. आम्ही दोघं मात्र त्या रविवारपासून आजवर पाचवं शील म्हणत आलो आहोत.

पुढे चतुराबाई बऱ्या झाल्या. खोकं संपलं. दुसरं आणलं नाही. मी म्हणालो, आता तरी म्हणा. तर ते म्हणाले, “कोन्या दिवशी सुरू करू? आज तोंड उघडलं तं लोक म्हनतीन, पडघाननं आजपासून सोडली.”

पाहा कसं आहे. गप्प राहावं तर पितो, आणि बोलावं तर पीत होता. या अडचणीतून त्यांना बाहेर काढावं म्हणून मी उभा राहिलो, आणि बोलता बोलता मला वाटू लागलं आहे की मी त्यांना अधिकच आत ढकललं. ते खाली पाहताहेत. जगदेवराव, मला क्षमा करा. मला वाटलं होतं, सांगितलं की मोकळं होईल.

आणि आता खरी अडचण. स्टेशन मास्तरसाहेबांना गाडी सोडून यायला उशीर झाला, म्हणून आज वंदना सुरुवातीला न घेता शेवटी ठेवली आहे. माझ्या भाषणानंतर लगेच. समितीनं जगदेवरावांचं नाव घातलं आहे. त्यांनी चार शीलं म्हणून थांबायचं का? आणि ते थांबले तर आपण सर्वांनी काय करायचं?

एक मिनिट. चतुराबाई काही म्हणताहेत. शांतता राखा, बायकांच्या बाजूला जरा शांतता.

मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांचेच शब्द सांगतो. त्या म्हणतात, “भाऊ, तुमी तिघाईनं वानगी पाह्यली, मले कोनी इचारलं नाई. आता तरी आयका. चार यायले म्हनू द्या. पाचवं मी म्हनीन पुढून. मांगून सगळे म्हना, हेबी म्हनतीन. एवढ्या लोकाईत कोनाचा आवाज आजपासून निंगाला, हे कोन वळखते?”

जगदेवरावांनी वर पाहिलं आहे. हो म्हणाले की नाही, ते मला इथून दिसलं नाही. वंदनेत मध्येच म्हणवणारा बदलता येतो का, याचा नियम मला ठाऊक नाही. अध्यक्ष मान हलवताहेत. कोणत्या बाजूनं, ते मी पाहत नाही.

समितीनं मला बोलू दिलं, पाहुणे गाडीची वेळ सांभाळून बसले, आपण सर्वांनी हे नीट न जुळलेलं बोलणं ऐकून घेतलं, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. भाऊसिंग आणि जानरावजी यांची नावं त्यांना न विचारता घेतली. बोलण्यात जे अधिकउणं झालं असेल ते माझं, कृपया पडघान कुटुंबाकडे लावू नये.

माइकवाले, जरा इकडे या. माइक थोडा खाली घ्यावा लागेल. बाईंची उंची कमी आहे.

जयभीम.