घड्याळवाल्याचा पासवर्ड

(आईच्या फोनवर परगावची लेक, स्पीकरवर. बाबांसाठी घेतलेला नवा फोन आईच्या हातात. बाबा खिडकीपाशी खुर्चीत.)

लेक : ...आता काय दिसतंय?

आई : तेच. लाल अक्षरात. पासवर्ड चुकीचा आहे.

लेक : पहिलं अक्षर कॅपिटल पडलं असेल. आपोआप पडतं ते.

आई : नाही पडलं. एकेक अक्षर बोट ठेवून टाकलंय. चष्मा लावून.

लेक : बरं, मग खाली निळ्या अक्षरात बघ, 'पासवर्ड विसरलात?' असं असेल.

आई : मी कुठे विसरले? विसरायला आधी माहीत असावा लागतो.

लेक : आई, दाब ना ते.

आई : दाबलं. आता म्हणतंय, 'मी रोबोट नाही'. पुढे चौकोन आहे.

लेक : त्यात टिक कर.

आई : केली. चित्रं आली. सिग्नल असलेली चित्रं निवडा म्हणे. ठमे, खांब धरायचा की नुसते दिवे?

लेक : नुसते दिवे.

आई : एका चौकोनात दिव्याची कड आलीय, नखाएवढी.

लेक : धर ती पण.

आई : धरली. झालं, आता सायकली आल्या! अहो, बघताय ना? तुमच्या सामानाला हात लावायचा तर मला आधी माणूस असल्याचं सिद्ध करावं लागतंय.

बाबा : उद्या.

आई : हो हो. उद्या.

लेक : अजून तेवढंच म्हणतात?

आई : दुसरं काय म्हणणार? काल त्या बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. नाव काय तुमचं? उद्या. माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ह्या कोण? तर तेही उद्या. जन्मभर गिऱ्हाइकांना जे सांगितलं, तेवढंच जिभेवर राहिलं बघ. बाकीचं सगळं त्या झटक्यानं झाडून नेलं.

लेक : बाई काय म्हणाल्या?

आई : धीर धरा म्हणाल्या. फी घेऊन. थांब, सायकली संपल्या. आता लिहिलंय, शेवटी बहात्तर असलेल्या नंबरवर कोड पाठवलाय.

लेक : सुटलो! तो नंबर बघ, त्यावर मेसेज आला असेल.

आई : बहात्तर म्हणजे दुकानाचा नंबर गं.

लेक : हो ना. ते कार्ड कुठल्या फोनमध्ये आहे?

आई : कुठल्याच नाही. तो नंबर बंद केला.

लेक : कोणी?

आई : मी.

लेक : आई!

आई : ओरडू नकोस. दिवसभर वाजायचा तो. झालं का घड्याळ, झालं का घड्याळ. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, हे दुकानात पडले, उजवा हात गेला, वाचा गेली. सांगता सांगता माझीच वाचा जायची वेळ आली होती. शेवटी जाऊन बंद करून आले. मला काय माहीत, ह्यांच्या कुलपाची किल्ली त्या नंबरात आहे!

लेक : परत मागून बघितलास?

आई : बघितला. दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला म्हणाले.

लेक : आणि जुना फोन? त्याचं नक्कीच काही होत नाही?

आई : तो ह्यांच्याबरोबरच गेला. म्हणजे हे पडले, तेव्हा हातातला फोन थेट पेट्रोलच्या वाटीत. घड्याळाची चाकं धुवायची ती वाटी. सगळे ह्यांना उचलायला धावले. फोन तिथेच रात्रभर भिजत. दुरुस्तीवाल्यानं उघडला, वास घेतला आणि माझ्या हातात परत ठेवला. काकू, आतलं सगळं ढगात गेलं म्हणाला.

लेक : क्लाउडवर आहे असं म्हणायचं असेल त्याला.

आई : ते मला नंतर कळलं. माझा जीव तर तिथेच अर्धा झाला होता. तू 'वर आहे' म्हण बाई. ढगात गेलं म्हणू नकोस.

लेक : बरं. वर आहे. बाबांचं एकूण एक रेकॉर्डिंग वर सुरक्षित असणार. फक्त आपल्याला आत घेत नाहीयेत. तू मागे जा, पहिल्या पानावर.

आई : गेले.

लेक : पासवर्डच्या चौकटीखाली बारीक अक्षरात काही आहे? खूण म्हणून बाबांनी स्वतः काही लिहून ठेवलं असेल.

आई : आहे गं. 'नेहमीचंच.'

लेक : काय?

आई : एवढंच लिहिलंय. नेहमीचंच.

लेक : अरे देवा. नेहमीचं काय?

आई : मला काय विचारतेस? न्हाव्याकडे खुर्चीत बसले की म्हणायचे, नेहमीचंच. तो बारीक कापायचा.

लेक : टाक. बी, ए, आर, आय, के. नाही, थांब, पासवर्ड इतका छोटा चालत नाही. निदान आठ अक्षरं लागतात. तुझं नाव टाकून बघितलंस?

आई : कालच. पहिलं तेच टाकलं.

लेक : मग?

आई : लाल अक्षरं. मग तुझं टाकलं. तेही नाही. मला जरा बरंच वाटलं.

लेक : आई, हसवू नकोस. मी त्या कंपनीला फोन केला होता, तुला सांगितलं ना? खातेदारानं स्वतः तोंडी परवानगी दिली तर बघू म्हणाले. तुझा नंबर दिला होता त्यांना.

आई : आला होता त्यांचा फोन. गोड बोलली मुलगी. मी ह्यांच्या कानाला लावला. तिनं विचारलं, सर, आपण परवानगी देता का? हे म्हणाले, उद्या. ठीक आहे सर, उद्या करते, म्हणाली आणि ठेवला.

लेक : आणि?

आई : केला ना दुसऱ्या दिवशी! शब्दाची पक्की निघाली. हे परत म्हणाले, उद्या. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज चढला. मी फोन घेऊन सांगायला लागले, तर म्हणते, मॅडम, आपण खातेदार नाही आहात.

लेक : मला काही सुचत नाहीये गं. इथे बसून काहीच करता येत नाही मला. आई, जाऊ दे ना? कशाला एवढा जिवाचा आटापिटा?

आई : लोकांची घड्याळं परत द्यायचीत. ह्यांचं अक्षर हे असं, म्हणून सगळं फोनमध्ये बोलून ठेवायचे. कोणाचं कुठलं, कशाला काय झालंय. ते ऐकल्याशिवाय कळणार कसं?

लेक : घड्याळं तर सगळी गेली. लोक आपापली ओळखून घेऊन गेले, काकांनी सांगितलं मला.

आई : त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

लेक : खरं सांग. कशाला हवंय?

आई : काही नाही. असू दे.

लेक : आई.

आई : आवाज हवाय गं मला. ह्यांचा. हे आता उद्या म्हणतात ना, तो ह्यांचा आवाज नाही. आतून कोणीतरी दार ढकलावं आणि ते निम्मंच उघडावं, तसं येतं ते. मूळचा कसा होता, आठवायला बसले की तुझ्या काकाचा आवाज आठवतो. भाऊभाऊच ना. परवा भाजी चिरता चिरता रडूच फुटलं मला. एवढा संसार केला आणि माणसाचा आवाज आठवू नये?

लेक : लग्नाच्या व्हिडिओत असेल की.

आई : त्यात नुसता बँड आहे. हे तोंड हलवतात आणि बँड वाजतो.

लेक : तुला बोलून मेसेज नाही पाठवले कधी?

आई : मला कशाला पाठवतील? मी वर घरात, हे खाली दुकानात. जिन्यातून हाक मारली की झालं. हाक कोण जपून ठेवतं? तुला पाठवायचे ना पण?

लेक : पाठवायचे. हे एवढे लांबलचक. मी म्हणायचे, नंतर ऐकते. फोन बदलला त्यात गेले सगळे. मी शोधलं आई, खूप शोधलं.

आई : बरं बरं. रडू नकोस. तू रडलीस की मला इथलं काही दिसत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांच्या घड्याळाचं हे फोनमध्ये बोलून ठेवत होते, ते मी जिन्यात उभी राहून ऐकलं होतं. 'बारा वाजता अकराच टोले देतं, एक गिळतं, चोर कुठलं!' शब्द सगळे आठवतात बघ. आवाज तेवढा येत नाही.

लेक : बाबांनाच परत विचारून बघूया? एकेक अक्षर म्हण, मान हलवतील.

आई : सगळ्यालाच हलवतात. काल 'क'ला हलवली, 'ख'ला हलवली, शेजारणीचं नाव घेतलं तिलाही हलवली. आणि डोळ्यांत बघते तर कळतंय गं त्यांना! मी काय शोधते ते कळतंय. किल्ली त्यांच्याच खिशात आहे आणि खिशात हात जात नाही.

लेक : नेहमीचंच... नेहमी काय करायचे? दुकानात काय व्हायचं नेहमी?

आई : काय व्हायचं? गिऱ्हाईक यायचं, झालं का विचारायचं. हे घड्याळ उचलायचे, कानाला लावायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, उद्या. गिऱ्हाईकही बिचारं सवयीचं. बरं, उद्या येतो, म्हणून निघायचं. मी म्हणायचे, अहो, लोकांना निदान खरा वार तरी... ठमे!

लेक : काय झालं?

आई : उद्या! अगं, नेहमीचंच म्हणजे उद्या! आपल्याला रोज ओरडून सांगतायत ते आणि आपण दोघी बहिऱ्या!

लेक : थांब, थांब. यू, डी, वाय, ए. चारच होतात.

आई : दोनदा म्हणायचे. कुणी फारच मागे लागलं की, 'उद्या, उद्या!' करून हाकलायचे.

लेक : आठ. बरोबर आठ. टाक आई. लहान अक्षरं सगळी. मध्ये जागा सोडू नकोस.

आई : यू, डी, वाय, ए. यू, डी... वाय कुठे गेला? वाय. ए.

लेक : परत एकदा वाच.

आई : वाचायला कुठे दिसतंय? नुसते ठिपके आहेत. आठ आहेत. दाबू?

लेक : दाब.

आई : दाबलं. गोल फिरतंय. अहो, फिरतंय! नेहमी लगेच लाल होतं, आज फिरतंय.

लेक : आई? काय झालं? बोल ना. आई?

आई : पासवर्ड चुकीचा आहे.

लेक : परत टाक. एखादं अक्षर इकडेतिकडे...

आई : चौकटच गेली. काहीतरी लिहून आलंय.

लेक : वाच.

आई : 'खूप वेळा चुकीचा पासवर्ड दिल्यामुळे खातं तात्पुरतं बंद करण्यात आलं आहे. कृपया...'

लेक : कृपया काय?

आई : 'कृपया उद्या पुन्हा प्रयत्न करा.'

लेक : आई... मी रजा टाकते. येते तिकडे. आपण दोघी बसून बघू.

आई : ये. खात्यासाठी नको, अशीच ये. अहो, काय हवंय? हा? घ्या. तुमचाच आहे.

लेक : काय करतायत?

आई : डाव्या हातात घेतलाय फोन. उलटा करून बघतायत. मागचं झाकण नखानं चाचपतायत.

लेक : देऊ नकोस, पाडतील.

आई : पाडू देत. कानाला लावला बघ.

लेक : हॅलो करतायत?

आई : नाही गं. डोळे मिटलेत. टिकटिक आहे का, ते ऐकतायत.

लेक : आई, तू रडतेयस का?

आई : गप जरा. अहो... झालं का हो?

बाबा : उद्या.

आई : बरं. उद्या येते.