मागे काही दिसता कामा नये

ज्याने कुणी शिकवलं ना, की चांगल्या फोटोत मागे काही दिसता कामा नये, त्याला एकदा पालिकेतल्या त्या साहेबांच्या टेबलासमोर उभा करा, मग मी बोलतो... तुम्हाला सांगतो, आमच्या वस्तीमागचं तळं बुजवायला निघालेत. रोज मातीचे डंपर. का, तर म्हणे ते तळं नाहीच, डबकं आहे, तिथे एकही पक्षी घरटं करत नाही! मी म्हटलं, करतो. साहेब म्हणाले, "पुढच्या सोमवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर मंगळवारी उरलेला भराव."

म्हणून बसलो. नऊ दिवस, अंगावर मातकट कापड, पाय चिखलात. पक्षी कुठला ते विचारू नका. नाव सांगितलं की उद्या तिथे शंभर कॅमेरे. मला फक्त त्याच्या चोचीत काडी हवी होती. काडी म्हणजे घरटं, घरटं म्हणजे भराव बंद. हलायचं नाही, खोकायचं नाही... आणि दुपारी बरोबर एक वाजता मागून आत्या, डबा घेऊन. "अरे, जेवलास का?" अख्खं तळं उडून जायचं हो त्या हाकेने! चौथ्या दिवशी मी चिडलो. तेव्हा ती बिचारी गप्प उभी राहिली आणि मोबाईलवर माझाच फोटो काढला. "तुझ्या बापाला पाठवते. इंजिनीअर केलेला मुलगा बघा म्हणावं कुठे बसलाय." त्या वेळी डोक्यावर काहीतरी हललं खरं, वाटलं वारा असेल. आपण बघायचं समोर.

आणि नवव्या दिवशी मिळाला! काय फोटो, महाराजा... पिसन् पीस मोजून घ्या, चोचीत काडी, आणि मागे? मागे नुसता हिरवा धूर. म्हटलं ना, मागे काही दिसता कामा नये.

सोमवारी गेलो, आत्याही बरोबर आली. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "छान आहे. पण हे तळं कुठंय यात?" मी म्हटलं, साहेब, ते मुद्दामच धूसर ठेवलंय. "मुद्दाम?" हो, म्हणजे... कलेच्या दृष्टीने... "मग हा पक्षी तिथलाच कशावरून? माझ्या घरामागचाही असेल." म्हणजे नऊ दिवस मी स्वतःच्या हाताने पुरावा पुसत बसलो होतो!

तेवढ्यात आत्याने मोबाईल पुढे केला. "हा बघा बरं, चालतो का."

फोटो तिरका. कोपऱ्यात तिचं बोट. पण त्यात काय नव्हतं? तळं होतं, मागची पाण्याची टाकी होती, माती ओतणारा डंपर होता, खाली तारीख-वेळ होती, आणि मधोमध, तोच पक्षी, चोचीत काडी घेऊन!

साहेब वाकले. "तो बसलाय कशावर? दगड आहे का हा?"

"छे हो," आत्या म्हणाली, "तो आमचा भाचा."

भराव थांबला. पिल्लं उडेपर्यंत एकही डंपर नाही, सहीशिक्क्यासकट. आनंद झालाच, नाही कशाला म्हणू? पण फाईलला लागला तो आत्याचा फोटो, बोटासकट. माझा परत दिला. घडी घालून.

बाहेर पडताना दारावरचा शिपाई मला हळूच म्हणाला, "पुढच्या खेपेला तळ्यावर आत्यांना बसवा. डबा तुम्ही पोचवा."