त्रिवेणीचे दोन वकील

भारती : पुन्हा एकदा ठेवा त्रिवेणीला काट्यावर, हर्षदा. दुपटं काढून ठेवा. हं... तेच येतंय.

हर्षदा : कमी आहे ना?

भारती : मागच्या खेपेपेक्षा कमी. तीन महिन्यांच्या बाळाचं वजन चढायला हवं. हिचं उतरलंय.

केशवराव : भारतीबाई, काट्यातच काही खोट नाही ना? आमच्या सुलतान बाजारातले काटे गिऱ्हाईक बघून डुलतात.

भारती : काका, हा काटा गिऱ्हाईक बघत नाही. नवा आहे.

हर्षदा : माझ्याच दुधात काहीतरी आहे. चिंच सोडली, गोंगुऱ्याची आंबट भाजी सोडली, मिरचीकडे तर बघत पण नाही मी. नुसत्या वरणभातानं जीव विटला. तरी पाजलं की ओकते. कमान करते, लाललाल होते, किंचाळते. नल्लकुंट्यात आमच्या गल्लीला पाठ झालंय तिचं रडणं. समीरचा अमेरिकेतून फोन आला की तिला आत नेऊन ठेवते, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. तो तिकडे एकटा, कशाला परेशान करायचं?

भारती : तुमच्या दुधात काही नाही. आज घरी जाऊन मिरचीचं लोणचं खा. पण मला एक कळत नाही. पहिल्यांदा आलात तेव्हाही ही ओकत होती, पण वजन चढत होतं. मग मध्येच काय बिघडलं? औषध वेळेवर जातंय ना?

हर्षदा : कुठलं औषध?

भारती : मुकुंदरावांचं. तुमच्या बाळाच्या डॉक्टरांचं. आम्ल कमी करायचं.

हर्षदा : ते तर तुम्हीच बंद करायला सांगितलं ना?

भारती : मी?

हर्षदा : इथून पहिल्यांदा घरी गेलो, त्याच दिवशी मामंजी म्हणाले, आता ते औषध नको. मला वाटलं, तुम्ही त्यांना सांगितलं असेल. मी आत हिला पाजत होते, तुम्ही दोघं बाहेर बोलत होता.

भारती : आम्ही बाहेर, मी शिकायला होते त्या लंडनच्या थंडीबद्दल बोलत होतो. काका?

(केशवराव चष्मा काढतात, धोतराच्या सोग्यानं पुसतात, पण परत घालत नाहीत.)

हर्षदा : मामंजी, बोला ना काहीतरी.

केशवराव : बोलतो. भारतीबाईंनी काही सांगितलेलं नाही. ते माझं मीच ठरवलं.

भारती : का पण?

केशवराव : तुम्हाला हसू येईल. सारी उम्र वकिली केली मी. आमच्या बारमध्ये एक रिवाज आहे. एका वकिलाच्या हातात मुकदमा असताना त्याची ना-हरकत घेतल्याशिवाय दुसरा वकालतनामा घालत नाही. घातला तर दोघांचा अपमान. मुकुंदा माझा लहानपणचा दोस्त. गौलीगुड्यात एका भिंतीला भिंत लागून घरं होती आमची. समीरला त्यानंच वाढवला म्हणा ना. आणि समीरनं फोनवर सांगितलं म्हणून मी त्याला न विचारता नातीला इथे आणली. तिकडे समीरच्या कुणा मित्राच्या बाळाला म्हणे अशा हाताच्या उपचारानं गुण आला.

भारती : मग ना-हरकत मागायची होती त्यांची.

केशवराव : धीर झाला नाही. जबानच उचलली नाही. मुकुंदा अशा गोष्टींना फार हसतो हो. मग म्हटलं, परवानगी नाही घेतली तर नाही, निदान दोघांना एकाच वेळी एका मुकदम्यात तरी उभं करू नये. म्हणून त्याचं औषध थांबवलं. तुमचा आधी पूर्ण होऊ द्यावा आणि...

हर्षदा : मुकदमा?

केशवराव : तोंडात बसलंय गं ते.

हर्षदा : मामंजी, ही तीन महिन्यांची पोर आहे. तुमची फाईल नाही. तुम्ही तुमची तहजीब सांभाळत बसलात आणि इकडे माझी पोर वाळत गेली. आणि मी? मी आपली स्वतःला कोसतेय! रोज. शेजारची सावित्रीबाई मीठमोहऱ्या उतरवून जाते, कामवाली म्हणते हिच्या आईचं दूध जड आहे, आणि मी सगळं खाली मान घालून ऐकते. कारण मला वाटलं, उपचार तर सगळे नीट चाललेत, मग माझ्यातच खोट असणार. तुम्ही समोर पेपर वाचत बसलेले असायचा. एकदा तरी म्हणायचं!

केशवराव : माझ्या ध्यानातच नाही आलं की त्यामुळे... मला वाटलं, ओकणं आहे, बाळं ओकतात.

भारती : हर्षदा, बसा. पाणी घ्या. काका, तुम्हीही ऐका. मी जे करते त्यात हात आहेत, दुसरं काही नाही. पाठ, फासळ्या, पोट, हळूहळू सैल करायचं. एखादं बाळ त्यानं शांत होतं, झोपतं. एखादं होत नाही. का होतं, का नाही, हे मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. लंडनच्या माझ्या शिक्षकांनाही येत नव्हतं. पण पोटातलं आम्ल माझ्या बोटांनी कमी होत नाही. ते औषधाचंच काम.

केशवराव : म्हणजे दोन्ही एकदम चालतं?

भारती : एकदमच करायचं असतं. तुमच्या कोर्टात एका बाजूनं दोन वकील कधी उभे राहत नाहीत?

केशवराव : राहतात की. एक सीनियर, एक ज्युनियर.

भारती : मग मुकुंदराव सीनियर, मी ज्युनियर. आणि ज्युनियरनं सीनियरच्या माघारी काही करायचं नसतं ना?

केशवराव : नसतं.

भारती : पण माझ्याकडून तेच झालं. मीही पहिल्याच दिवशी त्यांना फोन करायला हवा होता. बरकतपुऱ्यात खोली घेऊन मला वर्षही झालं नाही. वाटलं, एवढे मोठे डॉक्टर, माझा फोन घेतील की नाही. ते जाऊ दे. वजन उतरलंय, हे थांबायचं काम नाही. आज, आत्ता त्यांच्याकडे न्यायचं हिला. फोन त्या कोपऱ्यात आहे.

केशवराव : तुम्ही करता का? मी नंबर सांगतो.

भारती : नाही काका.

हर्षदा : तुम्हीच करा, मामंजी.

केशवराव : ...हॅलो. मुकुंदा आहे का? केशव बोलतोय म्हणावं... मुकुंदा? हौ, मी बरा आहे. त्रिवेणीचं बोलायचंय. वजन उतरलंय तिचं... हौ, ओकणं वाढलंय... औषध? औषध बंद आहे... पंधरा-वीस दिवस झाले... काय म्हणालास? सुनेनं? नाही... नाही रे, तिला कशाला बोलतोस? आजकालच्या मुली-बिली काही नाही. तिची काही चूक नाही बिचारीची. मी बंद केलं. ...हौ, मीच. शिकलासवरलेला मी. ...आता पुढचं पण ऐकून घे. तुला न विचारता तिला दुसरीकडे नेली. हातानं उपचार करतात एक बाई. त्यांच्याकडूनच बोलतोय... नाही, त्यांनी बंद नाही करवलं. उलट हा फोन त्यांनी करायला लावला... हौ. बोल तू, ऐकतोय मी. ...हौ. ...हौ. निघतोच.

हर्षदा : काय म्हणाले?

केशवराव : म्हणाला, तुझ्याशी भांडायला आयुष्य पडलंय, आधी पोरीला घेऊन ये. दवाखान्यातच थांबतोय.

भारती : आणि माझ्याबद्दल?

केशवराव : त्यातलं काही बायकांसमोर सांगण्यासारखं नाही.

भारती : मग मी येतेच बरोबर. तोंडावर बोलू देत. मलाही त्यांना चार गोष्टी विचारायच्यात.

केशवराव : ऑटो बघतो मी खाली.

भारती : मी बघते काका, तुम्ही थांबा. जिन्यात अंधार आहे.

हर्षदा : मामंजी, इकडे या. घ्या हिला. मला पिशवी भरायचीय.

केशवराव : मी घेऊ?

हर्षदा : राग गेलेला नाही माझा. लवकर जाणार पण नाही. पण घ्या. रडून रडून दमलीय, आणि तिला तुमच्याच खांद्यावर झोप लागते.