सावकाश सरांची चूक

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या प्राचार्या मॅडम, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, ज्यांनी एके काळी तपासणी समितीवर येऊन आपल्या या पशुवैद्यक महाविद्यालयाला घाम फोडला होता ते आदरणीय सर, माझे सहकारी, पहिल्या रांगेतल्या वहिनी, मागे दाराशी उभे राहून खाण्याच्या टेबलांकडे डोळे लावलेले विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि आजचा सत्कारमूर्ती, माझा वर्गमित्र, ज्याला तुम्ही सगळे सावकाश सर म्हणता.

आधी एक गोष्ट कबूल करतो. विभागप्रमुख या नात्यानं निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं, तेव्हा आमच्या घरी जरा चिंतेचं वातावरण पसरलं. आज सकाळी मी शर्टाला इस्त्री करत होतो, तर बायको म्हणाली, "आज तरी त्यांच्याबद्दल चांगलं बोला हो. तीस वर्षं ऐकून ऐकून माझे कान किटलेत." ती आता तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ताच तिनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. तेव्हा मी जपूनच बोलणार आहे.

आम्ही दोघं एकाच वर्षी इथं शिकायला आलो, एकाच बाकावर बसलो, एकाच दिवशी शरीररचना विभागात रुजू झालो. आता हा आठ महिन्यांनी मोठा निघाला म्हणून निवृत्तीतही यानं माझ्या आधी नंबर लावला. बघा, तिथंही!

मला याचा हेवा वाटतो. वाटायचा असं म्हणायला हवं, पण आज खोटं कशाला बोलू? वाटतो. याच्या हातांचा वाटतो. ज्यांनी आमचं काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेलेल्या जनावराच्या रक्तवाहिन्या शिकवायच्या म्हणजे आधी त्या दिसायला हव्यात. त्यासाठी आतलं रक्त कोमट पाण्यानं धुऊन काढायचं, मग धमनीत लाल रबरी द्रव भरायचा आणि शिरेत निळा. तो घट्ट झाला की चिमट्यानं आजूबाजूचं मांस काढत जायचं. ऐकायला सोपं आहे. पण दाब कमी पडला तर द्रव पायाच्या पंजापर्यंत पोचत नाही, आणि जास्त झाला तर धमनी फुटते. माझ्या हातून फुटायची. पोटात सगळीकडे लाल लाल, वर माझ्या कोटावरही. शेजारच्या टेबलावर हा सिरिंजवर अंगठा ठेवून उभा असायचा. एका क्षणी थांबायचा. ती धमनी अगदी शेवटच्या बोटापर्यंत भरलेली असायची.

मी एकदा न राहवून विचारलं, "तुला कळतं कसं रे, कधी थांबायचं ते?"

तर म्हणाला, "कळत नाही. सावकाश करतो."

काही गुपित असतं तर चोरता तरी आलं असतं.

आणि मुलांचं प्रेम! जिवंत कुत्र्याची नाडी मांडीच्या आतल्या बाजूला लागते, हे मी फळ्यावर आकृती काढून, बाण दाखवून शिकवतो. मुलं लिहून घेतात आणि दवाखान्यात गेली की त्यांना नाडी सापडत नाही. हा एखाद्या मुलीची दोन बोटं धरून कुत्र्याच्या मांडीवर ठेवतो आणि म्हणतो, "दाबू नकोस. दाबलंस की ती बोलायची थांबेल. नुसती बोटं ठेव आणि वाट बघ." मग त्या मुलीचा चेहरा असा काही उजळतो की मी दारातूनच परत फिरतो. याला तुम्ही सावकाश सर म्हणता. मला काय म्हणता तेही मला ठाऊक आहे. हजेरी सर. हसू नका, मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.

बरं, या विभागात माझं म्हणून काहीच नाही का? आहे. माझं अक्षर. संग्रहालयातल्या प्रत्येक नमुन्यावरचं लेबल मी लिहिलेलं आहे, काळ्या शाईनं, बोरूनं. नमुना याचा आणि अक्षर माझं, अशी आमची वाटणी होती. बघणारा आधी नमुना बघतो आणि मग घरी जातो, तो भाग वेगळा.

आता मी त्या कुत्र्याकडे येतो. प्रमुख पाहुण्यांनाही तो आठवत असेल. बावीस वर्षांपूर्वी आपल्या दवाखान्यात एक थोराड कुत्रा म्हातारपणानं गेला. यानं त्याचं पोट, ओटीपोट आणि मागचे दोन्ही पाय घेऊन तीन महिने काम केलं. पाठीच्या कण्याखालून जाणारी महाधमनी, तिच्या आतड्यांकडे, मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या फांद्या, मांडीतून गुडघ्यामागे आणि तिथून पंजावर उतरणारी धमनी, केसाएवढी बारीक फांदीसुद्धा तुटली नव्हती. दुसऱ्या विभागातले लोक जेवणाच्या सुट्टीत बघायला यायचे. शिपाई आपल्या बायकोला घेऊन आला होता. मी रोज तिथून जायचो आणि रोज माझ्या पोटात दुखायचं. मनात यायचं, याच्या हातून एक तरी चूक होऊ दे. एक तरी!

तपासणी समिती यायची होती त्या सकाळी फक्त लेबलं राहिली होती. मी लिहायला बसलो. त्या महिन्यात माझी भाची डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होती आणि संध्याकाळी मी तिला माणसाची शरीररचना शिकवत होतो. वहिनी, तुमच्यासाठी सोपं करून सांगतो. माणसात महाधमनी खाली येते आणि तिचे दोन जाड भाग होतात. त्यांना कॉमन इलियॅक धमनी म्हणतात. त्या प्रत्येकीतून मग एक फांदी पायाकडे जाते आणि एक ओटीपोटात. कुत्र्यात तसं नाही. कुत्र्यात पायाकडे जाणाऱ्या दोन फांद्या महाधमनीतून थेट निघतात आणि ओटीपोटाच्या दोन त्यानंतर. मधला तो जाड भाग कुत्र्याला नाहीच. गंमत अशी की शेजारच्या निळ्या शिरेत तो आहे. म्हणजे घसरायला जागा तयारच.

मी घसरलो. लाल धमनीवर मी स्वच्छ, सुंदर, ठसठशीत अक्षरात लिहिलं, कॉमन इलियॅक धमनी. कुत्र्याला नसलेली धमनी मी त्याला बहाल केली. पहिल्या वर्षाचा मुलगा नापास होईल अशी चूक मी केली आणि शाई वाळायच्या आत फाटकात गाडी आली.

सर, तुम्ही त्या नमुन्यापुढे बराच वेळ उभे होतात. मग त्या लेबलावर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "हे कोणाचं काम?"

आम्ही दोघं शेजारी उभे होतो. यानं लेबल वाचलं, आणि याला चूक दिसली हे मला दिसलं. यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. मग हा म्हणाला, "नमुना माझा आहे, सर."

खोटं बोलला नाही. नमुना याचाच होता. तुम्ही अहवालात शेरा लिहिलात, कामात निष्काळजी. तीन महिने केसाएवढी फांदी न तोडणाऱ्या माणसाला निष्काळजी! आणि मी गप्प होतो. भीतीनं गप्प होतो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आज सगळं सांगायचं ठरवलं आहे, तर तेही सांगतो. मला बरं वाटलं. त्या वेळी, तिथं उभं असताना, मला आतून गार गार वाटलं.

तीन वर्षांनी विभागप्रमुखपदासाठी आम्हा दोघांची नावं गेली. फाइल उघडली, शेरा निघाला, आणि मी विभागप्रमुख झालो. माझं टेबल नव्या खोलीत न्यायला कोण आलं होतं? हाच. एका बाजूनं यानं उचललं होतं आणि वर मलाच सांगत होता, "सावकाश, दाराला लागेल."

ते लेबल मी बदलायला निघालो होतो. यानंच थांबवलं. म्हणाला, "राहू दे. मुलं यावरून शिकतील." आणि तुम्ही शिकलात की! गेल्या बावीस वर्षांत या महाविद्यालयाचा एकही विद्यार्थी परीक्षेत त्या प्रश्नावर चुकला नाही. का? कारण प्रत्येक वर्षी मोठी मुलं नव्या मुलांना त्या काचेपुढे नेतात आणि सांगतात, ही बघ, सावकाश सरांची चूक. तेही इतक्या प्रेमानं! माझ्या तीस वर्षांच्या बिनचूक व्याख्यानांतलं एक वाक्य कुणाला आठवत नाही. माझ्या हातून या विभागासाठी एकच कामाची गोष्ट झाली, ती म्हणजे ही चूक, आणि तीसुद्धा याच्या नावावर आहे. मला तिचाही हेवा वाटायला लागला. हसा, हसा. पण खरं आहे.

गेल्या आठवड्यात हा आपलं कपाट रिकामं करत होता. मी आत गेलो, दार लावलं आणि विचारलं, "त्या दिवशी बोलला का नाहीस?"

हा चिमटे पुसत होता. वर न बघता म्हणाला, "अक्षर तुझं होतं. सांगायला तूच हवा होतास. मला वाटलं, तू बोलशील."

मी म्हणालो, "आणि नाही बोललो तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, बोलेल. सावकाश बोलेल."

वहिनी, रडू नका. हा वाटतो तेवढा थोर समजू नका, कारण त्या उत्तरानंतर मला झोप नाही, आणि तसं होणार हे याला पक्कं माहीत होतं.

सर, तुम्ही विचारलं होतं, हे कोणाचं काम. उत्तर द्यायला मला बावीस वर्षं लागली. ते काम माझं. प्राचार्या मॅडम, हेच मी लिहूनही दिलं आहे, सकाळी तुमच्या टेबलावर ठेवलं आहे. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझी काही तक्रार असणार नाही. विद्यार्थ्यांनो, खाऊन झालं की संग्रहालयात जा. ते लेबल तसंच आहे. त्याच्याखाली मी आज एक ओळ वाढवली आहे, चूक कोणाची ते लिहिलं आहे, आणि या वेळी अक्षर काही खास आलेलं नाही.

मित्रा, तुझे हात मला मिळाले नाहीत, मुलांचं प्रेम मला मिळालं नाही. तू उद्या इथं नसशील आणि शेजारच्या टेबलाकडे बघून जळायला मला कोणी उरणार नाही. ते आठ महिने मी कसे काढणार, देव जाणे.

वेळ बराच घेतला. संयोजकांचे, अध्यक्षांचे आणि इतका वेळ ऐकून घेतलंत म्हणून तुमचे सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, तर माझ्या बाकीच्या सगळ्या चुका पोटात घाला. ती एक मात्र माझ्या नावावर राहू द्या.