वॉल्टरला केलेला नमस्कार

तुम्ही जिममधल्या ट्रेनरचं काय सांगताय, आमच्या वॉल्टरचं ऐका. वय अठ्ठ्याहत्तर, सैन्यातून रिटायर झालेला. इकडे परदेशात, स्कारबरोच्या एका बेसमेंटमधल्या भाड्याच्या हॉलमध्ये तो सैनिकांसारखं नुसत्या हातांनी लढायला शिकवायचा. मी जॉइन केलं तेव्हा मॅटवर उभं राहायला जागा नसायची. मग कोणी योगाला गेलं, कोणी किकबॉक्सिंगला, आणि या विंटरमध्ये उरलो मी एकटा.

एका मंगळवारी वॉल्टर म्हणाला, "एका माणसासाठी हॉल मिळत नाही. आजचा क्लास शेवटचा."

मला भरूनच आलं रे. पाच वर्षं शिकवलं होतं या माणसाने. आपली सवय तुम्हाला माहितीये. एक शब्द न बोलता मी पटकन वाकलो, त्याच्या पायांना हात लावायला.

पुढचं मला दिसलंच नाही! कळलं तेव्हा मी मॅटवर पालथा, हात पिरगळलेला, पाठीवर त्याचा गुडघा. आणि माझं तोंड आपटू नये म्हणून कपाळाखाली त्याचाच तळहात. एवढ्या वेळात त्याला तेही सुचलं होतं! साधं खरचटलंसुद्धा नाही मला.

मला उठवून बसवताना त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "पाच वर्षं सांगतोय, हल्ला करायच्या आधी समोरच्याला कळू देऊ नकोस. आज पहिल्यांदा जमलं तुला. पुढच्या मंगळवारी माझ्या घरच्या गराजमध्ये ये."

अजून जातो मी दर मंगळवारी. पण तो नमस्कार होता, हे सांगायची काही हिंमत झालेली नाही.