मोटरीला भाकरीचं ठिगळ

माझ्या लग्नाला तुम्ही नव्हता, म्हणून सांगतो. जे होते त्यांना अजून नीट ऐकू येत नाही.

जावई मोटरीतून येणार, असं सासऱ्यांनी जामनेरभर सांगून ठेवलेलं. अमळनेरहून मी, अक्का आणि नानामामा निघालो. वाटेत इंजिनातला धूर बाहेर नेणारा बिडाचा नळ तडकला. असा दणका, की समोरच्या गाडीचे बैल शेतात पळाले!

"असे गावात शिरलो, तर मांडव रिकामा होईल," मी रडकुंडीला आलो.

"कळण्याचं पीठ शे ना!" अक्का म्हणाली. नानांच्या भाकरीसाठी घेतलेलं ते ज्वारी-उडदाचं चिकट पीठ तिनं घट्ट मळून भेगेवर थापलं. नळाच्या धगीवर ते खरपूस भाजलं आणि मोटर मुकी झाली.

जामनेरच्या शिवेवर सासऱ्यांनी थाटात पूजा केली, नारळ फोडला. मी ऐटीत मोटर सुरू केली, आणि तोफच उडाली! वाजंत्री ढोल टाकून पळाले. सासरे पूजेच्या ताटासकट खाली बसले.

बॉनेट उघडलं, तर ठिगळ गायब. बाजूला नाना तोंड पुसत होते.

"नाना, ठिगळ कुठंय?"

"ठिगळ कसानं? मनी भाकर व्हती ती!" नाना म्हणाले. "पण अक्का, मीठ टाकाले इसरनी तू."